कांचनाला हात लावू नये

मी, अलकनंदा, कैलासवासी नीळकंठ वामन आष्टीकर यांची पत्नी, वय एकोणसत्तर, राहणार बालाघाट, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्या हाताने, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास त्याने माझ्याशी अर्धा तास बोलून पाहावे. माझे यजमान जिल्हा न्यायालयात पेशकार होते आणि त्यांना जेवताना दाव्यांखेरीज दुसरा विषय सुचत नसे, त्यामुळे 'सबब', 'वहिवाट' आणि 'तहहयात' हे शब्द मी आमटीबरोबर गिळलेले आहेत. वकिलाची गरज मला वाटली नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणू शकणारे एकच गृहस्थ होते, ते आता फोटोत आहेत.

छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मला वाकून काम करायला बंदी केली आहे. वाकायचे नाही तर बागेत करायचे काय, हे त्यांनी सांगितले नाही. यंदाची दिवाळी मी पाहीनच असे धरून चालता येत नाही. सबब पितृपक्ष लागायच्या आत हे काम उरकून टाकते.

कलम पहिले. सन १९७९ मध्ये मी लिहिलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात एक कलम असे होते की, माझे धाकटे दीर बंडोपंत यांना माझी तिरडी उचलण्यासाठीसुद्धा फाटकाच्या आत घेऊ नये. ते कलम मी रागात लिहिले नव्हते, पूर्ण विचार करून लिहिले होते. ते का लिहिले आणि आता का खोडले, हे पुढे येईल.

कलम दुसरे. हे घर व त्याभोवतीचे अंगण माझ्या नावे आहे. माझ्या वडिलांनी मला दिलेल्या दागिन्यांतून ही जागा घेतली, बांधकाम यजमानांनी केले. घर माझा एकुलता एक मुलगा चिंतामण याला मिळावे. अंगणही त्यालाच मिळावे, पण एका अटीवर. या कागदाचा खरा विषय ती अट आहे. बाकीचे वाटप आधी आटोपते, म्हणजे मग निवांत लिहिता येईल.

कलम तिसरे. माझ्या पाटल्या, मोत्यांची नथ आणि पोस्टातली शिल्लक सूनबाई उमा हिला द्यावी. तिने माझ्याशी कधी वाकडा शब्द काढला नाही. मी दोन-तीनदा काढला, तो तिने ऐकला नाही असे दाखवले. पोस्टातली शिल्लक तिने स्वतःवर खर्च करावी. चिंतामणने हिशेब विचारू नये, ते काम त्याने ऑफिसातच करावे.

कलम चौथे. तांब्याचा बंब, दोन्ही सतरंज्या आणि मागची खोली, तिला राहायचे असेल तोवर, गोदाबाईला द्यावी. गोदाबाई माझ्याकडे झाडलोट करते आणि पहिल्या दिवसापासून माझ्या बागेविरुद्ध आहे. पौष-माघात बदामाची पाने गळायला लागली की ती कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि म्हणते, "बाई, लोकं आंगन झाडते, तुमी कचरा जपून ठेवता. लोकायले काय सांगू मी?" मी सांगते, "सांग, म्हातारीला वेड लागलंय." त्यावर ती म्हणते, "ते त सांगतलंच आहे." अशी माणसे घराला लागतात. तिला कोणी काढू नये.

कलम पाचवे. खुरपी, दोन झाऱ्या, कलमकात्री आणि पाण्याचा पाइप ज्याला हात मळवायचे असतील त्याने घ्यावा. यजमानांची छत्री कोणालाही देऊ नये, ती उघडत नाही.

कलम सहावे. आता अंगण.

माझा जन्म इथून जवळच्या लामता गावचा. वडील तिथल्या लाकूड डेपोवर मुनशी होते. डेपोमागे डोंगर आणि डोंगरावर जंगल. पावसाळा संपला की त्या डोंगराचा हिरवा रंग हळूहळू उतरू लागे. शिवण पिवळी पडे, धावड्यावर तांबूस छटा चढे, आणि फाल्गुन लागता लागता कुसुमाच्या कोवळ्या पानांनी कडेकपारी लाल होत. वडील संध्याकाळी मला खांद्यावर बसवून विचारायचे, "अलके, आज डोंगर कसा दिसतो?" आणि मी सांगायची, खाली पिवळा, वर तांबडा, नाल्याजवळ अजून हिरवा. डेपोत ओंडक्यांवर रंगाचे ठिपके मारलेले असत. तेही मला दाखवून विचारत, हा लाल का हिरवा? मला वाटायचे, ते मला रंग शिकवत आहेत.

लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा या अंगणात भेंडी होती. भेंडीला माझा विरोध नाही, पण भेंडीकडे बघत आयुष्य काढता येत नाही. मी एकेक झाड आणत गेले. लोक फुलांसाठी झाडे लावतात, फळांसाठी लावतात. मी पानांच्या रंगासाठी लावली. शेजारपाजारच्या बायकांना हे शेवटपर्यंत समजले नाही. देशी बदाम पश्चिमेच्या कुंपणाला लावला, कारण उतरते ऊन त्याच्या पानांतून आले तरच त्याचा खरा तांबडा कळतो. दिवाळीनंतर मी त्याचे पाणी तोडत असे. पाणी मिळत राहिले की पाने हिरवीच रेंगाळतात. धावडा मागे, विहिरीजवळ. लालपत्ती फाटकाशी लावली होती, ती वर्षानुवर्षे हिरवीच राहिली. मी खत बदलले, माती बदलली, तिला बोलले. मग कळले की फाटकाबाहेर खांबावर दिवा लागला आहे आणि त्या झाडाला रात्रभर पुरा अंधार मिळाल्याशिवाय ते लाल होत नाही. न्हाणीघरामागे हलवले, त्याच पौषात ते लाल झाले. रंग हवा असेल तर झाडाला काय द्यायचे यापेक्षा काय द्यायचे नाही हे पाहावे लागते. हे मी वाचलेले नाही, चुकत चुकत शिकले आहे.

चिंतामण लहान असताना टोमॅटो तोडायला पाठवला की कच्चे तोडून आणायचा. शाळेत आंब्याची पाने तांबडी रंगवायचा. आम्ही समजलो, पोराचे लक्ष नाही. बी.ए. झाल्यावर रेल्वेत निवड झाली, सगळ्या गल्लीत पेढे वाटले, आणि डोळ्यांच्या तपासणीत तो परत आला. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की हे आईकडून येते, आईला स्वतःला होत नाही, बहुधा आईच्या वडिलांना असते. तेव्हा मला डेपोतले ते ठिपके आठवले. वडील मला रंग शिकवत नव्हते, विचारत होते. परत येताना गाडीत मी गोंदियापर्यंत रडले. यजमानांना वाटले नोकरीसाठी रडते आहे.

म्हणजे पोरगा वीस वर्षे माझ्या बागेत वाढला आणि ती त्याने पाहिलीच नव्हती. बदामाखाली बसून अभ्यास करायचा, आणि मी म्हणायची, बघ काय रंग चढलाय, आणि तो म्हणायचा, हो.

घरी आल्यावर मी माझ्या सगळ्या साड्या खाटेवर पसरल्या आणि त्याला एकेक ओळखायला लावले. हिरवी आणि विटकरी त्याला एकच वाटली. पिवळी बरोबर सांगितली, निळी बरोबर सांगितली. जांभळी इरकली हातात घेऊन म्हणाला, "ही पण निळीच. छान आहे." मग मी झाडे निवडायला परत सुरुवात केली, या वेळी त्याच्या डोळ्यांनी. पिवळी शेवंती, निळी गोकर्ण, आणि सगळ्यांत मोठे म्हणून कांचन. आमचे स्नेही तेजराम बिसेन यांनी त्याचे रोप वारासिवनीहून आणून दिले. इथले लोक त्याला कचनार म्हणतात. त्याच्या दोन जाती आहेत. एक फाल्गुनात फुलते, ती नको म्हणून सांगितले होते. दुसरी आश्विन-कार्तिकात फुलते, गर्द जांभळी. तेव्हा बाकी सगळी बाग नुसती हिरवी असते आणि पुढे शिकायला नागपूरला राहिलेला चिंतामण दसरा-दिवाळीच्या सुट्टीत घरी असायचा. त्याच्या खिडकीसमोर, आंब्याच्या गडद पानांची पाठ मिळेल अशा जागी ते लावले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेंड्याशेंड्यांना कळ्या धरल्या. मी रोज मोजत नव्हते, पण रोज बघत होते.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी माझे दीर बंडोपंत गल्लीतली सारी मराठी मंडळी घेऊन अंगणात शिरले आणि सोने म्हणून ते झाड ओरबाडून गेले. कांचनाचे पान आपट्यासारखेच दोन भागांचे असते. कळ्या फांद्यांच्या टोकांना असतात आणि लोक टोकेच मोडतात.

"भाऊजी, हा आपटा नाही, कांचन आहे," मी म्हणाले.

"वहिनी, दोन कानाचं पान म्हंजे आपटा. शास्त्र आहे ते."

"आपट्याचं पान लहान असतं."

"हे मोठं आहे, त सोनंही मोठं! तुमच्याच अंगणाचं पुण्य वाढून राह्यलं, अन तुमी तोंड पाडून काहून उभ्या?"

हे पंचवीसेक वर्षे चालले. दर दसऱ्याला मोडायचे, पुढच्या आश्विनापर्यंत झाड परत कळ्या धरायचे, परत मोडायचे. मी फाटकाला कुलूप लावले तर ते कुंपणावरून आले. झाडाला काटेरी फांद्या बांधल्या तर म्हणाले, वहिनी धर्मकार्यात आडव्या येतात. रात्री घरोघरच्या देवांपुढे ते सोने पडलेले असे, त्यात माझ्या कळ्या असत. एकादशीला सकाळी आमच्या देवघरातल्या मीच झाडून काढत असे. चिंतामणची सुट्टी संपायची आणि तो जायचा. पुढे त्याला जबलपूरला वीज मंडळात नोकरी लागली, हिशेब खात्यात, म्हणजे रंगीत तारांशी संबंध नको. लग्न झाले. खिडकीसमोरचे ते झाड कशासाठी आहे हे त्याला ठाऊक नव्हते. फुलल्यावर दाखवू, असे माझ्या मनात होते.

बंडोपंतांना मी खरे कारण का सांगितले नाही, असे कोणी विचारील. यजमानांनी तशी ताकीद दिली होती. चिंतामणचे लग्न व्हायचे होते. पण त्याहून मोठे कारण बंडोपंतांची लेक कालिंदी. घराण्यात डोळ्यांचा दोष आहे असे एकदा बोलले गेले असते, तर तो माझ्या माहेरचा का सासरचा हे बघत कोण बसले असते? कालिंदीला स्थळे येत होती. ती अमरावतीला चांगल्या घरी पडली. तोपर्यंत गप्प राहायची सवय झाली, आणि मग मनात अढी बसली. ज्याच्या लेकीसाठी मी तोंड मिटून बसले तोच दरसाल येऊन माझ्या लेकाचे झाड मोडतो, हे मला सहन होत नव्हते. १९७९ चे कलम त्यातून आले.

गेल्या वर्षी भाद्रपदात जिजाबाई, म्हणजे माझी जाऊ, बंडोपंतांची पत्नी, वारली. वर्षभर घराण्यात सण नाही. दसऱ्याला मी सवयीने दारे लावून आत बसले. फाटकाशी आवाज ऐकू आले, मग बंडोपंतांचा आवाज: "या घरी यंदा सोनं नाही. जा, दुसरीकडे पाहा." लोक गेले. मी दार उघडले तर झाड जसेच्या तसे उभे होते, टोकाटोकाला कळ्या.

ते फुलले. त्याचे वर्णन मृत्युपत्रात शोभणार नाही. आंब्याच्या काळपट हिरव्यावर ते सगळे जांभळे आणि खाली जमीनही जांभळी. गोदाबाईसुद्धा केरसुणी हातात धरून नुसती उभी राहिली. मी चिंतामणला पत्र टाकले की सुट्टी काढून ये. तो दिवाळीला सासुरवाडीला वर्ध्याला गेला होता. मार्गशीर्षात आला तेव्हा शेंगा लोंबत होत्या.

पण बंडोपंत आले होते. त्यांचे घर रिकामे झाले होते, म्हणून ते संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसू लागले. मी यजमानांची आरामखुर्ची बाहेर काढून दिली. पहिल्या दिवशी त्यांनी बराच वेळ वर पाहिले.

"वहिनी, हे झाड नवं लावलं का?"

"तेच आहे."

"कोणतं तेच?"

"तुमचा आपटा."

त्यांनी खाली पडलेले एक फूल उचलले. मग म्हणाले, "जिजी दरसाल म्हणे, वहिनीच्या झाडाले हात लावू नका. मी म्हणो, तुले काय समजते." त्या दिवशी मी त्यांना सगळे सांगितले. रेल्वे, डॉक्टर, साड्या, खिडकी. त्यांनी विचारले, "मले काहून नाही सांगतलं?" मी म्हणाले, "कालिंदीचं लग्न व्हायचं होतं." तेव्हा सत्तरीला टेकलेला तो माणूस उपरणे तोंडाला लावून रडला. मीही रडले. माझा सारा राग त्याच दिवशी गेला असे मी म्हणणार नाही. थोडा अजून आहे, पण तो कागदावर आणण्याइतका उरलेला नाही.

कलम सातवे. चिंतामणचे म्हणणे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते. तो म्हणतो, "आई, सीधी बात आहे. रोडवरची जागा आहे. झाडं काढली त चार दुकानं निघतील. पत्तेच त आहेत, झाडाची पानं." तो लोभी नाही. त्याला दोन मुलींची लग्ने करायची आहेत, आणि त्याच्या डोळ्यांना हे अंगण म्हणजे नुसता मातकट पाचोळा आहे. मी त्याला दोष देत नाही. अट अशी की, माझ्यामागे त्याने एका वर्षी या घरात दसरा ते कार्तिकी पौर्णिमा राहावे, उमाला घेऊन. त्याआधी अंगणातले एकही झाड तोडू नये, जागा विकू नये, पाया खणू नये. त्यानंतर अंगणाचे काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे. दुकाने काढायची तर काढावीत. बदाम, धावडा, लालपत्ती ही माझी झाडे आहेत, ती माझ्याबरोबर गेली तरी चालतील. कांचन त्याचे आहे. ते पाहून तोडले तर माझी तक्रार नाही. न पाहता तोडू नये.

कलम आठवे. जिजाबाईचे वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झाले. म्हणजे यंदाच्या दसऱ्याला घराण्याला सण आहे आणि गल्लीतले लोक सोन्याला परत येतील. सबब नीळकंठरावांची आरामखुर्ची व काठी मी बंडोपंत वामन आष्टीकर यांना देत आहे. आश्विन व कार्तिक या दोन महिन्यांत कांचनाखाली ती खुर्ची मांडून बसण्याची वहिवाट त्यांना तहहयात राहील, आणि चिंतामणला ती मोडता येणार नाही. कोणी पानाला हात लावल्यास काठी कशी वापरायची हे त्यांना शिकवावे लागणार नाही. लोकांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी स्वतः लामत्याच्या बाजूने खऱ्या आपट्याचे रोप डब्यात घालून आणले आहे आणि फाटकाबाहेर लावले आहे. त्याचे पान लहान आहे, हे त्यांनी मला स्वतः येऊन दाखवले.

कलम नववे व शेवटचे. बंडोपंतांनी आणखी एक काम करावे. चिंतामण कांचनाखाली उभा राहील तेव्हा त्याला विचारावे, "चिंतू, कसं दिसते?" तो जो रंग सांगेल, निळा म्हणो, आणखी काही म्हणो, त्याला 'हौ' म्हणावे. बंडोपंतांना दुसऱ्याचे चुकलेले दुरुस्त करण्याची खोड आहे. या एका वेळी त्यांनी ती आवरावी. माझ्या वडिलांना मी रोज डोंगर सांगत असे, आणि ते ऐकत राहत. माझा मुलगा सांगेल तेव्हा ऐकायला मी नसेन, म्हणून हे काम मी दिरांवर सोपवत आहे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, दोन ठिकाणी खाडाखोड माझीच आहे.

सही: अलकनंदा नीळकंठ आष्टीकर

आमच्यासमक्ष बाईंनी सही केली व त्या शुद्धीवर असून नेहमीप्रमाणेच बोलत आहेत:

१. तेजराम बिसेन, राहणार वारासिवनी

२. डॉ. घनश्याम पाठक, राहणार बालाघाट

३. ~~बंडोपंत वामन आष्टीकर~~

तिसरे नाव मीच खोडले आहे. ते सही करायला धोतर बदलून आले होते. त्यांना सांगितले की या कागदात ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये. "मले काय मिळते?" त्यांनी विचारले. मी सांगितले नाही. ते बाहेर झाडाखाली जाऊन बसले आहेत. कळ्या धरल्या आहेत.

मुक्काम बालाघाट
भाद्रपद शुद्ध एकादशी, शके १९०८
रविवार, दिनांक १४ सप्टेंबर १९८६